मामा, ती चिकटपट्टी आधी काढा

बडोद्यात दांडिया बाजारात मामांची ट्यूशन आहे, एका खोलीत वीसेक पोरं आणि एक स्प्लिट एसी. मागच्या वर्षी मीच मागे लागून त्यांना ईआरव्ही बसवायला लावलं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं मशीन. काल गेलो तर मशीन बंद आणि जाळीवर चिकटपट्टी! का, तर फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय: ईआरव्ही आपलीच उष्टी हवा परत आत सोडतं, पावसाळ्यात खोली दमट करतं, वीज खातं, त्यापेक्षा फटी बुजवा, ताजी हवा एसी घेतोच.

शेवटचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. अहो, स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही! भिंतीतून जातात त्या गॅसच्या तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप, खोलीतलीच हवा गार होऊन फिरत राहते. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, फटी बुजवलेल्या खोलीत वीस पोरं तासभर बसली की तो हजाराच्या पार जातो, पोरं पेंगतात, आणि एक खोकला की तीच हवा बाकीच्यांच्या नाकात. पेपर तोंडावर आलेत आणि आपण फटी बुजवतोय?

आता उष्टी हवा. फॉरवर्डमधला फोटो फिरत्या चाकाच्या मशीनचा आहे, त्यात चाकाबरोबर थोडी हवा परत येते हे खरं. मामांकडे पडद्याचं मशीन आहे. दोन्ही हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी जातात, उष्णता आरपार जाते, पाण्याची वाफ पडद्यात शोषली जाऊन पलीकडे निघते, कार्बन डायऑक्साइड जवळजवळ अडतो. किंचित गळती यातही असते, मान्य. पण अ‍ॅश्रे या एसी-वेंटिलेशनवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचं ६२.१ स्टँडर्ड बघा, त्यात हवेचे स्वच्छतेनुसार क्लास पाडलेत: टॉयलेटची हवा दुसऱ्या क्लासची, तिचीसुद्धा अशा मशीनमधून ताज्या हवेच्या १० टक्क्यांपर्यंत गळती चालते, आणि वर्गातली हवा तर पहिल्या क्लासची, सगळ्यात स्वच्छ धरलेली.

दमटपणाचं अर्धं खरं आहे, बडोद्याच्या जुलैत थोडा ओलावा येणारच, मशीन काही एसी नाही. पण खिडकी उघडली तर सगळाच येईल, इथे बराचसा पडद्यातून बाहेर जाणाऱ्या कोरड्या हवेत निघून जातो. मे महिन्यात बाहेर ४२ आणि आत २६ असेल तर ६५ टक्के एफिशियन्सीवर ताजी हवा साधारण ३१-३२ वर येते, तेवढं एसीचं काम वाचतं. वीज म्हणाल तर मशीनमधल्या दोन पंख्यांची.

फिल्टर मात्र मामांनी वर्षभरात एकदाही साफ केला नाहीये. रविवारी मी येतो, तो मी करतो, पण पट्टी आजच काढा.