जुन्या वाड्यांना सिमेंट फासू नका

इंदुरात जे थोडे जुने मराठी वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या भिंतींवर दर पावसाळ्यानंतर सिमेंटची ठिगळं चढतात. हे थांबायला हवं. इथल्या होळकरांच्या राजवाड्याचं काम सुरू झालं १७४७ मध्ये, आज वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्या काळची बांधकामं चुन्यावर उभी राहिली, त्यांची डागडुजीही चुन्यानेच व्हावी.

जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. वर सिमेंट बसलं की ती वाट बंद. भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो, विटांचा भुगा होतो, भिंतीत रोवलेली तुळईची टोकं कुजतात. तुळई खोलीतून ठणठणीत दिसते. घात होतो तो आतल्या वीतभर लाकडाचा.

लोणारी, म्हणजे चुना भाजणारे, भट्टीत चुनखडी भाजून चुनकळी करत. विरवताना ती पाण्यात सोडायची, वरून पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, डोळे सांभाळा. मग गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवायची. इथे घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, पुढे ओल पिऊन फुगतात आणि पापुद्रे उडवतात. पूर्वी बांधकामाचा बेत ठरला की आधी चुना भिजत पडे, बाकी कामं त्याच्या मागून.

एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी, एक भाग धुतलेली रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटेची. काळपट, जास्त भाजलेली वीट निकामी. हे सगळं बैलाच्या घाण्यात, दगडी चाकाखाली, लोण्यासारखं होईपर्यंत मळत. गूळ, हिरडा, बेलाचा गर यांचं कौतुक फार होतं, पण खरी ताकद विरवण्यात आणि मळण्यात आहे. कच्च्या चुन्यात कितीही गूळ घाला, उपयोग नाही.

भिंत आधी भिजवा. एका थराची जाडी बोटाएवढीच ठेवा. काम दिवाळीनंतर काढा, कारण मे महिन्याच्या उष्ण वाऱ्यात गिलावा हवा शोषून घट्ट होण्याआधीच वाळतो आणि हात लावला की भुकटी सुटते. ओलं गोणपाट निदान दहा दिवस लावून ठेवा. शेवटचा हातही चुन्याच्या सफेदीचाच हवा. प्लास्टिक रंग लावलात तर ओल पुन्हा आतच कोंडेल.