गुलमर्गची ओढ आणि अफरवटचा वारा

स्कीइंग करणारे वर्षानुवर्षं एकाच डोंगरावर का जातात, याचं उत्तर मी वाचलेल्या एका लेखात 'जुन्या आठवणी आणि सोबती' असं दिलंय. मला ते फार अपुरं वाटतं. गुलमर्गपुरतं बोलायचं तर खरी ओढ त्या उताराच्या माहितीची आहे, आणि ती माहिती दुसऱ्या डोंगरावर कामाला येत नाही.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, 3,900 मीटरच्याही वर सोडतो. तिथला बर्फ यंत्राने दाबून सारखा केलेला नसतो. पश्चिमेचा वारा धारेवरचा बर्फ उडवून पूर्वेच्या उतारावर साचवतो. वर कडक, खाली भुसभुशीत. 30 ते 45 अंशांच्या उतारावर असा थर फरशीसारखा अखंड सुटतो. कुठल्या घळीत तो आधी साचतो, स्कीखाली पोकळ आवाज कुठे येतो, उन्हाने कुठला भाग जड होतो आणि रात्रीत गोठून खरखरीत होतो, हे तोच उतार अनेक हंगाम पाहिल्यावरच कळतं. हिमस्खलनाचा बंदोबस्त गोंडोलालगतच्या ठरावीक हद्दीतच होतो (हे त्या लेखात यायलाच हवं होतं). हद्दीबाहेर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संदेश पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच, पण ती साधनं अपघातानंतरची. वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद असला की जाणकार कोंगडोरीखालच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या स्थानकाखालच्या, झाडीत उतरतात. तिथे वारा कमी लागतो आणि धुक्यातही झाडांच्या खोडांवरून उताराचा अंदाज येतो.