उतरताना पडले म्हणजे इंजिनच बंद पडले असे नव्हे

३ मे २०२४ रोजी सकाळी महाडमध्ये सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरता धुरळ्यात डगमगले आणि कलंडले. सुदैवाने कोणाचाही जीव गेला नाही. अशी चित्रफीत आली की तिच्यामागोमाग एक दावा हटकून फिरतो: ‘जमिनीच्या इतक्या जवळ हेलिकॉप्टर पडते ते इंजिन बंद पडल्यामुळे किंवा घातपातामुळेच, आणि इंजिन बंद पडले की ते दगडासारखे खाली येते.’

यातले दगडाचे म्हणणे आधी निकालात काढू. इंजिन थांबताच वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो, खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते आणि पुरेशी उंची व वेग हाताशी असेल तर त्याच फिरत्या पात्यांच्या जोरावर यंत्र सुखरूप टेकवता येते. प्रत्येक वैमानिकाला हे शिकवलेले असते.

इंजिन ठीक असतानाही उतरताना ताबा सुटतो, याचे ठळक उदाहरण २ मे २०११ रोजी मध्यरात्रीनंतर पाकिस्तानातील अबोटाबादला, ओसामा बिन लादेनच्या घरावरील अमेरिकी कारवाईत घडले. या कारवाईचा सराव झाला त्या जागी कुंपण जाळीचे होते. प्रत्यक्षात उंच, भरीव भिंतींच्या आत पात्यांनी खाली लोटलेली हवा कोंडली, अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा उठाव गेला आणि त्याची शेपटी भिंतीवर आदळली. ना इंजिन बंद पडले होते, ना कोणी गोळी झाडली होती.

कलंडण्याचे कारण तर बहुतेकांना ठाऊकच नसते. कोरड्या मैदानावर शेवटच्या काही फुटांत धुरळा उठून जमीन दिसेनाशी होते आणि यंत्र बाजूला सरकत असल्याचे वैमानिकाला कळत नाही. तशात हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या खालच्या पट्ट्यांपैकी एक दगडाला अडली किंवा भुसभुशीत मातीत रुतली, की ती बिजागरीसारखी होते. पात्यांचा जो जोर यंत्राला वर उचलायचा, तोच आता त्याला उलथवू लागतो. अशा वेळी सावरण्यासाठी पात्यांचा उठाव कमीजास्त करणारा दांडा वर ओढावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण योग्य कृती नेमकी उलटी, म्हणजे दांडा अलगद खाली करण्याची असते, आणि त्यासाठी क्षणभराचीच सवड मिळते.

नुसत्या चित्रफितीवरून महाडचे कारण ठरवणे चूकच ठरेल. पण घातपाताची चर्चा सुरू झाली, की त्या मैदानावर टँकरने पाणी पुरेसे मारले होते का, दगडगोटे वेचले होते का, हे विचारायचेच राहून जाते.