होतकरू हवामानदूतांस

आपल्या देशाचे हवामानविषयक विशेष दूत म्हणून आपली नेमणूक झाली असेल, किंवा होण्याच्या बेतात असेल, तर प्रथम अभिनंदन. अख्खी पृथ्वी ज्याच्या हवाली केली आहे, त्याने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाआड कोण कोणाच्या मर्जीने राबते आहे, याची चौकशी करत बसणे शोभत नाही. कोणी विचारलेच, तर अमेरिकेचे तत्कालीन दूत जॉन केरी यांचा कित्ता गिरवावा. २०२१ साली त्या प्रांतातल्या उइगुर या मुस्लिम अल्पसंख्याकांविषयी प्रश्न आला तेव्हा, राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांत अवघड निवड करावीच लागते, असे ते आधी म्हणाले. त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत, तो विषय आपल्या कक्षेत येत नाही, असे सांगून मोकळे झाले. पहिल्या उत्तरात निदान काहीतरी सोडून दिल्याची कबुली होती. आपण थेट दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करावी.

मुलाखतींत तराजूचा उल्लेख अवश्य करावा. एका पारड्यात आठ अब्ज माणसांचे भवितव्य आणि दुसऱ्यात एका वाळवंटी प्रांतातले अल्पसंख्य ठेवले की पुढचा हिशेब श्रोते स्वतःच करतात. मात्र या दोन गोष्टी खरोखरच दोन वेगळ्या पारड्यांत बसतात का, हे कोणाला तपासू देऊ नये. सौर पॅनेलसाठी लागणाऱ्या जगातील पॉलिसिलिकॉनपैकी साधारण ४५ टक्के २०२० च्या सुमारास शिनजियांगमध्ये तयार होत होते, आणि ते स्वस्त पडत होते याचे एक मोठे कारण असे, की सिलिकॉन शुद्ध करण्यासाठी लागणारी प्रचंड वीज तिथे स्वस्त कोळशावर निर्माण होते. सक्तीच्या ‘कामगार स्थलांतर’ योजनांचे आरोप झाले तेही याच उद्योगावर. म्हणजे ज्या स्वस्ताईखातर आपण मौन पाळणार, तिच्यात सक्तीचाही वाटा आहे आणि कोळशाच्या धुराचाही. पण इतका तपशील पत्रकार परिषदेत सांगितला, तर तराजूचे प्रयोजनच उरत नाही.

कधी कधी आपल्याच देशाची संसद आगाऊपणा करते. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला, की शिनजियांगमधून आलेला माल सक्तीच्या श्रमाचाच मानला जाईल आणि तसे नसल्याचा पुरावा आयातदाराने द्यावा. अशा कायद्याने घाबरून जाऊ नये. अमेरिकेसाठी सोवळ्यातला माल आणि उरलेल्या जगासाठी ओवळ्यातला, अशी सोय कारखानदारांना करता येते, आणि सदसद्विवेकबुद्धीलाही निर्यातीचा दर्जा मिळतो.

आता आपल्या मौनाचा मोबदला काय, असे एखादा चिकित्सक विचारील. सप्टेंबर २०२१ मध्ये केरी तियानजिनला गेले असता चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांनी त्यांना बजावले, की हवामान सहकार्य हे हिरवळीचे बेट असले तरी भोवती वाळवंट असेल, तर आज ना उद्या तेही वाळवंटच होईल. दूत ज्या विषयाला आपल्या कक्षेबाहेरचा म्हणत होते, तो यजमानांनी स्वतःच कक्षेत आणून ठेवला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी, चीन ज्यावर हक्क सांगतो त्या तैवानला जाऊन आल्या आणि चीनने हवामानविषयक चर्चाच स्थगित केली. ती पुन्हा सुरू झाली नोव्हेंबरमध्ये. या अबोल्याच्या काळातही चीनमध्ये सौर पॅनेल बसतच होती, आणि २०२३ या एका वर्षात तर त्याने सुमारे २१७ गिगावॉट क्षमतेचे सौर प्रकल्प उभारले, कारण त्यात त्याचा स्वतःचा नफा, स्वतःची हवा आणि स्वतःचे कारखाने गुंतलेले होते. परक्या दूताच्या भिडेखातर तो पॅनेल बसवत नव्हता, हे उघड आहे. आपण मात्र या आकड्याचे श्रेय निःसंकोच आपल्या संयमाला द्यावे.

संयुक्त राष्ट्रांच्या तत्कालीन मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बॅशेले यांनी तर वेळ साधण्याचा वस्तुपाठच घालून दिला आहे. शिनजियांगमध्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता नोंदवणारा अहवाल ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, त्यांची मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना, प्रसिद्ध झाला. तोंड उघडण्यास इतका निर्धोक मुहूर्त पंचांगातही सापडणार नाही.

आपण भारताचे प्रतिनिधी असाल, तर बाहेरचे गुरू शोधण्याची गरज नाही. त्या अहवालावर नुसती चर्चा व्हावी, असा प्रस्ताव ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवी हक्क परिषदेत आला आणि १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. अकरा देश तटस्थ राहिले आणि त्यांत आपला देश होता. एखाद्या विशिष्ट देशाविरुद्धचे ठराव उपयोगाचे नसतात, ही आपली जुनी भूमिका आहे. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, की शिनजियांगमधील लोकांच्या मानवी हक्कांचा आदर झाला पाहिजे आणि त्यांची हमी मिळाली पाहिजे. हा क्रम नीट लक्षात ठेवावा: आधी मतदान, मग मत.