स्पेअर आहे ना घरात!

आमच्याकडे टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात चार-चार टीबीच्या चार डिस्क. तीन मिळून रेड फाइव्ह, म्हणजे डिस्क एकत्र बांधायची एक पद्धत: जागा आठ टीबी आणि तिघींतली कुठलीही एक मेली तरी फोटो शाबूत, चौथी स्पेअर, एखादी मेली की आपोआप तिच्या जागी लागणारी. रेडचं वेगळं कार्डबिर्ड काही नाही, सगळा कारभार लिनक्समधल्या एमडीएडीएम या प्रोग्रॅमवर. आईला एवढंच कळलंय की घरात रेड आहे, मी फोनवर तसं मोठ्याने बोललो की ती आधी खिडकी लावते.

चौथीवरून कायम वाद. "ती काय करते?" वाट बघते. "मग लाइट कशाला खाते?" मुद्दा बरोबर आहे हो, हॉट स्पेअरला काम नसलं तरी ती बहुतेक वेळ फिरत असते, काही न करता म्हातारी होते. मी म्हटलं अगं तो तुझा जादा सिलिंडर नाही का, तसंच. तर म्हणे, "तो मी अधूनमधून हलवून बघते. तू बघतोस?"

नाही बघत.

मग मावसभावाचं लग्न निघालं, शूटिंग ठेवायला ड्राइव्ह पाहिजे होती. आई म्हणाली, "ती रिकामी बसलीये ना, दे की." मशीन बंद केलं, चौथी काढली, दिली, परत चालू केलं, सगळे फोटो दिसतायत, मी खूश. रात्री सहज एमडीस्टॅट, म्हणजे रेडची तब्येत दाखवणारी फाइल, बघितली तर तिघींचे तीन यू असायला पाहिजेत तिथे यू, अंडरस्कोर, यू. समोरचा दात पडल्यासारखं.

झालं होतं असं की मूळ तिघींतली मधली चार महिन्यांपूर्वीच गेलेली आणि स्पेअर तेव्हाच तिच्या जागी गुपचूप कामाला लागलेली. म्हणजे मी रिकामी म्हणून जी देऊन बसलो ती घरातली कमावती बाई होती, आणि मेलेली मात्र अजून डब्यात ऐटीत बसलेली! बरं, सिस्टिमने कळवलं नव्हतं असंही नाही. रीतसर मेल गेला होता, पण मशीनमधल्याच रूट नावाच्या ॲडमिन खात्याच्या मेलबॉक्समध्ये, जो मी जन्मात उघडला नव्हता. फेल इव्हेंट झाला वगैरे, आणि खाली सही: फेथफुली युअर्स, एटसेटरा. खरंच तसं लिहिलेलं असतं त्यात.

भावाला फोन केला, डिस्कला हात लावू नकोस. "दादा, फॉरमॅट मारून हळदीचं फुटेज टाकलं पण!"

नवीन दोन डिस्क आणल्या. आता मेलेली कुठली ते ओळखणं आलं, आणि लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीबी-एसडीसी ही नावं रीबूट केल्यावर बदलू शकतात, त्यामुळे भरवसा फक्त सिरीयल नंबरवर, आणि त्याचं स्टिकर बरोबर भिंतीकडच्या बाजूला. आई मोबाईलचा टॉर्च धरून उभी, मी टेबलाखाली पालथा, ती एकेक आकडा वाचतेय आणि आठ की बी यावरून आमचं भांडण. जिवंत दोघींतली एखादी चुकून निघाली असती आणि तसंच मशीन चालू केलं असतं तर ॲरे, म्हणजे डिस्कची ती सगळी मोट, उभीच राहिली नसती, त्यामुळे तीनदा वाचून घेतलं.

एक डिस्क ॲड केली, रीबिल्ड, म्हणजे मेलेलीचा डेटा नवीवर परत उभा करणं, सुरू, स्क्रीनवर फिनिश ५५१ मिनिटं. म्हणजे नऊ तासांच्या वर. आणि वार कुठला, तर गुरुवार. सकाळी लाइट गेली, यूपीएस कोकलायला लागला, मी मशीन नीट बंद केलं, दुपारी चालू केल्यावर ४१ टक्क्यांवर होतं तिथूनच पुढे सुरू झालं, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

रात्री दुसरी डिस्क स्पेअर म्हणून लावली, कॉन्फिगमध्ये माझा खरा मेल ॲड्रेस टाकला आणि टेस्टचा मेल सोडला. दीड वाजता उशाशी फोन वाजला. मी उठेपर्यंत बायकोने तो उचलून वाचलाही होता.

"हे फेथफुली युअर्स कोण आहे?"