गाडी मेकॅनिक व्हायचंय त्या पोरांसाठी
एका लेखात वाचलं की आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, पोरांनी मेकॅनिकच्या नादी लागू नये, हे मला अजिबात पटलं नाही. अहो आज रस्त्यावर धावतायत त्या गाड्या काय उद्या भंगारात जाणारेत का, आणि इलेक्ट्रिकला पण ब्रेक, सस्पेन्शन, एसी असतंच की. दहावीनंतर आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड २ वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिक १ वर्षाचा, घरून कमवायची घाई नसेल तर २ वर्षांचाच करा. नंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत किंवा गॅरेजात काम करत शिकायची संधी, घेताना कंपनीच्या नावाला भुलू नका, काम काय देणार ते आधी विचारा, कारण मोठ्या सर्व्हिस सेंटरला कितीतरी पोरं नुसतं ऑइल आणि फिल्टर बदलत बसतात, उघडलेलं इंजिन बघायलाही मिळत नाही. छोट्या गॅरेजात उस्ताद चांगला असेल तर क्लच, गिअरबॉक्स सगळं हाताखालून जातं. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड कोडमध्ये दाखवणारं यंत्र, वापरता येणं मस्ट आहे. आणि स्कॅनरने कोड दाखवला म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नसतो, आधी मल्टिमीटर (करंट-व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून वायर बघायची, कनेक्टर काढून पिना गंजून हिरव्या पडल्यात का बघायचं, बऱ्याचदा तिथंच घोळ असतो आणि गिऱ्हाईकाचे हजारो रुपये वाचतात. असं शिकवणारा माणूस जिथं भेटेल तिथं स्टायपेंड थोडा कमी असला तरी जा. आणि हो, अप्रेंटिसशिपचं रीतसर कॉन्ट्रॅक्ट करूनच घ्या, नुसतं तोंडी ठरवून राबलात तर शेवटचं सरकारी सर्टिफिकेट मिळत नाही.