कोंबडीचं अंडं अडकलं की लगेच सुरी काढू नका

हे बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. गावाकडं कोंबडी अंड्याला अडली की घरातला एक तरी माणूस म्हणतोच, "आता मरायचीच ती, त्यापेक्षा कापा, रविवार आहे." मला याचा मनापासून राग येतो. कारण याच घरात गाय व्याल्यावर खाली बसली, कान गार पडले, उठेना, की रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन जातो, शिरेतून कॅल्शियमची बाटली चढते आणि थोड्या वेळात गाय उभी राहते. दूधज्वर सगळ्यांना माहिती आहे. कोंबडीचं अंडं अडकण्यामागं पण बऱ्याचदा तीच कॅल्शियमची कमतरता असते. अंड्याच्या पिशवीचे स्नायू आवळून अंडं पुढं ढकलायला कॅल्शियम लागतं, ते कमी पडलं की अंडं जागेवरच राहतं आणि कोंबडी कण्हत बसते. गाईला बाटली आणि कोंबडीला सुरी, असं का? मला तरी वाटतं कोंबड्या बायकांच्या असतात, अंड्याचे पैसे बायकांच्या डब्यात जातात, म्हणून त्यासाठी डॉक्टर बोलवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

थोडा हिशोब बघा. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास नुसतं कवच चढत असतं आणि ते काम जास्त करून रात्री चालतं. खाण्यातून मिळालं नाही की ती स्वतःच्या हाडातून काढून देते. आता तिला आपण काय घालतो? तांदळाची कणी, भाकरीचा चुरा, मका, नाहीतर दुकानातून आणलेलं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं खाद्य, कारण ते सहज मिळतं. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास असतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के लागतं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते, मोकळी फिरते, किडे गोगलगायी खाते, तिचं भागतं कसंतरी. पण आजकाल आपण ज्या सुधारित जातीच्या कोंबड्या आणतो त्या दुप्पट-तिप्पट अंडी घालतात आणि त्यांना बंद जाळीत कणीवर ठेवायचं, मग अडणार नाही तर काय होणार.

ओळखायचं कसं, तर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, आणि अडलेली यात गल्लत करू नका. खुडूक कोंबडी डालग्यातून हलत नाही, हात घातला की अंग फुगवून गुरगुरते, पण खाली काढून ठेवली की तरतरीत असते. अडलेली सारखी डालग्यात जाते, बाहेर येते, परत जाते. मग छाती वर काढून ताठ उभी राहते, शेपूट खाली, मागचा भाग आत-बाहेर हलतो, चोच उघडी ठेवून धापा टाकते, तुरा फिका पडतो, खाणं बंद. असं दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, एक-दोन दिवसात जीव जातो.

शेजारच्या काकूंची तांबडी अशीच अडली होती. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून सोसेल इतपतच, आणि तिला पोटापर्यंत बसवली. आधी फडफडली, पण काकूंनी पंखांवरून दोन्ही हात धरून ठेवले आणि थोड्या वेळानं तिनं मान सैल सोडली, डोळे मिटायला लागली. पंधरा-वीस मिनिटं तसंच, पाणी गार झालं की थोडं गरम घालायचं. मग पुसून कोरडी केली, काकूंनी नखं कापून हात धुऊन बोटाला खोबरेल लावलं आणि मागून हलकेच आत कडेकडेनं फिरवलं, एक-दोन इंचावर अंड्याचं कडक टोक लागलं. तेवढंच, ओढायचं नाही. नंतर पोती अंथरलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवली, जवळ पाणी. संध्याकाळी अंडं बाहेर होतं, कवच एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला पातळ.

पोट दाबून अंडं बाहेर काढायला बघू नका आणि आतल्या आत फोडू तर अजिबात नका, कवचाचे तुकडे पिशवीला लागतात, पू होतो आणि मग खरंच हातात काही राहत नाही. एकदोनदा कोमट पाण्यात शेकूनही काही तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टरच पाहिजे, कॅल्शियमचं इंजेक्शन त्यांचं काम आहे, आपण अंदाजानं टोचायचं नाही. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फुकटचा नंबर आहे, तिथं कोंबडीसाठी फोन करायला लाजू नका. आणि मागून लाल मांस बाहेर आलेलं दिसलं तर आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी काढा, दुसऱ्या कोंबड्या लाल दिसलं की टोचून टोचून मारतात.

पण खरं काम आधीचं आहे. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका, जिला पाहिजे ती तिच्या गरजेनं खाते. संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी तो समोर असला तर उत्तम, कवच रात्री चढतं ना. घरातली अंड्याची टरफलं वाळवून, भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. ऊन पण पाहिजे, नाहीतर कॅल्शियम खाऊन अंगी लागत नाही, पावसाळ्यात कोकणात कोंबड्या दिवसेंदिवस कोंडलेल्या असतात तेव्हा उघडीप मिळाली की सोडाच. आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, लवकर अंड्यावर याव्यात म्हणून रात्रभर बल्ब लावायचं खूळ बंद करा, अंग भरायच्या आधी अंडं आलं की अडतंच. जास्त चरबी चढलेल्या पण अडतात, त्यामुळं मका जपून.

एखादी सारखीच अडत असेल तर तिला पुढं ठेवायची का नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्याला माझी ना नाही. फक्त औषध टोचलेलं असेल तर ते मटण किती दिवस खायचं नाही हे डॉक्टरला विचारूनच पुढचं.